भाऊ श्वास घेतात तेव्हा

आधी एक सांगून टाकते, नाईतर नंतर विसरीन. आमचे घरमालक भाऊ माणसायले नावानं ओळखतच नव्हते. सुरानं ओळखत.

मी म्हंजे "तीव्र म". काऊन? तं मी भराभर बोलते, वरच्या पट्टीत बोलते अन् कुठंच टेकत नाई. वडशात पहिल्यांदा खोली पाहाले गेली तेव्हा पाणी किती वाजता येते, खिडकी उघडते का, कपडे कुठी वाळू घालू, मोबाइलले रेंज आहे का, सारं एका दमात विचारलं. भाऊ डोळे मिटून ऐकत बसले होते. मले वाटलं झोपले. मंग डोळे उघडले अन् आत बायकोले आवाज देल्ला, "ठेवून घेऊ वं! तीव्र म आहे. आपल्या घरात नव्हता."

आतून बाई म्हणे, "बरं. तो भात खाते का विचारा."

बाई म्हंजे "सा". भाऊचं म्हणणं असं, की बाकी साऱ्या सुरायनं हालाचं, डुलाचं, रुसाचं. सा जागीच राह्यते. बाईले हे कौतुक काई फार लागत नसे. "हौ, मी जागी राह्यते म्हणून तुमाले टाइमावर भात भेटते," असं म्हणून ती वरण वाढे. समोरच्या घरी एक रिटायर गुरुजी होते, ते "कोमल रे". काऊन तं सकाळी सकाळीच दुःखी. गुरुजीले हे माहीत नव्हतं. तोंडावर भाऊ त्यायले गुरुजीच म्हणत, अन् मान देऊन म्हणत.

आता तुमाले वाटन हा माणूस मोठा गवई असन. नाई! ते राइस मिलमधले मिस्त्री होते. वडशात मिली भल्ल्या. धान सोलायच्या मशीनमधे दोन रबरी रूळ असतात, त्यायच्या मधातलं अंतर जराकसं चुकलं की तांदूळ तुटते, नुसती कणकी पडते. बाकीचे मिस्त्री मूठभर तांदूळ हातावर घेऊन पाहात. भाऊ पाहातच नव्हते. एक लाकडी दांडी मशीनले टेकवायची, दुसरं टोक कानाले. "कोमल ग वर गेला आहे. अर्धा आटा सैल करा." आटा सैल केला की तांदूळ अख्खा! रिटायर झाल्यावरही संध्याकाळी मिलच्या भिंतीबाहेर उभे राहून ऐकत अन् मान हालवत. नवा मिस्त्री त्यायले रस्त्यावर पाह्यला की मागच्या दारानं चहाले निघून जाये.

अन् मिलमधून आल्यावर हातपाय धुवून क्लॅरिनेट.

काळी, जुनी, चाव्या पिवळ्या पडलेल्या. त्यायच्या गावच्या हौशी नाट्यमंडळात ते वाजवत. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, म्हंजे जत्राच, अन् मंडईले नाटक पाह्यजेच. वडशाच्या नाटक कंपन्यायनं भाऊले कितीदा बलावलं, पैसे देतो म्हणे, गाडी पाठवतो म्हणे. नाई गेले. "पोटासाठी मशीन आहे न. हे तोंडासाठी आहे," म्हणत. पण गावची मंडई विसाव्या वर्षापासून एकही सोडली नव्हती. एका साली पाय मोडला होता तं बैलबंडीत खाट टाकून गेले अन् खाटेवरूनच वाजवलं. पडदा पडला तरी हे थांबेत नाई, तं शेवटी बैलंच उभे झाले, असं बाई सांगे.

भाऊले साप, वाघ, अंधार, कशाचंच भेव नव्हतं. एकाच गोष्टीचं होतं. आपल्याच्यानं एक दिवस वाजवणं होणार नाई, ह्याचं. मिलच्या कोंड्यानं छाती खराब झालेली, खोकला कायमचा. "क्लॅरिनेटचं असं आहे," ते म्हणत, "दोन महिने ओठ नाई लावले तं ओठ परके होते. माह्या वयात परका झालेला ओठ वापस येते का नाई, कोणी सांगावं."

हे ध्यानात ठेवा.

मंग लॉकडाऊन लागला.

मी तेव्हा ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात टायपिंगले होती. दुकान बंद. माहं गाव कुरखेड्याच्या तिकडे, म्हंजे काई लंडन नाई, पण गावकऱ्यायनं रस्त्यावर बल्ल्या आडव्या टाकल्या, वरून काटे टाकले. आई फोनवर म्हणे, "येऊ नको माय, आली तं शाळेत चौदा दिवस डांबते, अन् शाळेत पंखा नाई." मी राह्यली वडशातच. खोलीत एक छोटासा कीबोर्ड होता माहा, हप्त्यातून एकदा टुणटुण करायची. म्हटलं चला, आता टाइमच टाइम, महिन्याभरात शिकून टाकू! मले सारं महिन्याभरातच करायचं असते.

चौथ्याच दिवशी गुरुजी आले. आले म्हंजे आले नाईत, रस्त्याच्या त्या बाजूले उभे राह्यले. तोंडाले दुपट्टा, वरून चष्मा, चष्म्यावर वाफ.

"भाऊ, एक विनंती आहे."

"बोला गुरुजी."

"ते वाजवणं बंद करा तुमचं."

मी दारातच होती. मले वाटलं झोप मोडत असन. पण तसं नव्हतं.

गुरुजी म्हणे, "तबला असता तं मी काई म्हटलं नसतं. पेटी असती तरी चाललं असतं. हे फुकायचं आहे. तुमाले खोकला आहे. तुमच्या छातीतली हवा त्या भोंग्यातून निघते, अन् भोंग्याचं तोंड माह्या घराकडे आहे."

"तोंड आंगणाकडे करतो."

"हवा फिरते."

"खिडकी लावून घेतो."

"भाऊ," गुरुजीचा आवाज फुटला, "हात जोडतो."

मी काई बोलणार इतक्यात भाऊ म्हणे, "ठीक आहे. नाई फुकत."

झालं! एवढंच! मी तं पेटलीच. म्हटलं, भाऊ, असं काई नसते, मी मोबाइलवर काढून दाखवते, आपलं घर आहे, आपली क्लॅरिनेट आहे, हे कोण लागून गेले? भाऊ क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून फडक्यात गुंडाळत होते. म्हणे, "गुरुजीचं पोरगं पुण्यात अटकलं आहे. फोन लागत नाई दोन दिवसापासून. तिकडे त्यायचं काई चालत नाई, इकडे माहा भोंगा तेवढा त्यायच्या हातातला आहे. बंद करू द्या त्यायले काई तरी."

मले तेव्हा हे पटलं नाई. आत्ता लिहिताना पटून राह्यलं.

तं आता विचार करा. फुकणारा माणूस, अन् फुकायची बंदी. काय करन?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आंगणातून आवाज आला. टक. टकटक. टक-टकटक-टक. मी खिडकीतून पाह्यलं तं भाऊ खुर्चीवर ताठ बसले, क्लॅरिनेट हातात, पण तोंडाले लावलेली नाई, हनुवटीच्या बोटभर खाली धरलेली. डोळे मिटलेले. अन् बोटं चालून राह्यली. नुसत्या चाव्यांचा आवाज. तासभर! अकरा ते बारा, रोज. मी पहिले हसली. मंग आठेक दिवसानं माह्या ध्यानात आलं की हे कालचं नाई, हे वेगळं गाणं आहे. अजून थोड्या दिवसानं मले टकटकीवरून गाणं ओळखू यायले लागलं. अन् बाई तं त्याच्याही पुढची. ती चुलीपाशी तांदूळ निसता निसता आतूनच म्हणे, "चुकले तुमी. दुसऱ्या कडव्यात तिथं वर जात नसते."

"वाऱ्यानं बोट सरकलं."

"वारा नाई आज," बाई म्हणे.

दुसरा उद्योग पत्त्यांचा. खेळायच्या नाई. क्लॅरिनेटच्या तोंडाशी एक पातळ पट्टी असते, तीच थरथरते म्हणून आवाज निघते. तिले ते पत्ती म्हणत. ती नागपूरहून यायची. नागपूर बंद. भाऊ म्हणे, "अरे, आपण बांबूच्या जिल्ह्यात बसून नागपूरची वाट काऊन पाहून राह्यलो?" मंग घरामागच्या कुंपणाचा बांबू काढला. चिरला, तासला, काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासला, उन्हात धरून पाह्यला, परत घासला. एका पत्तीले दोन दोन दिवस. प्रत्येकीवर बारीक पेनानं नंबर. पावसाळा लागेपर्यंत बेचाळीस पत्त्या झाल्या अन् कुंपणाले भोक पडलं, त्यातून गुरुजीची बकरी येऊन बाईची मिरची खाऊन गेली.

मी म्हटलं, "भाऊ, पण ह्या वाजतात का नाई हे कसं समजन? फुकायचं तं नाई."

ते थांबले. बेचाळीस पत्त्यांकडे पाह्यलं. म्हणे, "ते तं आहे."

अन् त्रेचाळिसावी घासाले घेतली.

मंडळाच्या लोकायसोबत फोनवर तालीम करून पाह्यली, ती तं मजाच. मीच जमवून देल्ली, सात जण एका फोनवर. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या वेळेले पोहचे. पेटीवाल्यानं सूर धरला की गाणारा दोन पावलं मागं, तबलेवाला तं त्याच्याही मागं, अन् एकाच्या घरी कुकरची शिट्टी. मालगाडीचे डबे एकामागे एक धक्का खातात न, तसं. साऱ्यायनं एकमेकाले शिव्या देल्ल्या अन् भल्ले खुश झाले. भाऊ मात्र फोन ठेवल्यावर म्हणे, "कुकरवाला सुरात होता."

माह्या शिकवणीचं सांगते. मी म्हटलं, भाऊ मले कीबोर्ड शिकवा. ते म्हणे, बटन बंद करा. बंद केलं. म्हणे, आता इथी ओट्यावर बसा.

सकाळी सहा ते सात ओट्यावर बसायचं अन् ऐकायचं. बस. हाच क्लास. मिली बंद, पॅसेंजर बंद, टेम्पो बंद, वडसा इतकं चूप त्यायनं जन्मात ऐकलं नव्हतं. "तीव्र म," ते मले म्हणत, "पिढीतून एकदाच भेटते असं. आत घेऊन घ्या." मले काई आत घेणं जमे नाई. मी पाच मिनिटात मोबाइल काढे. ते विचारत, "आत्ता का वाजलं?" मी म्हणे, "काईच नाई." "हापशी वाजली. तिसऱ्या घरची. तिले तेल पाह्यजे." कोकिळेवर त्यायचा राग. "दरवेळेस चढत जाते अन् मंग फाटते. तिले कोणी आवरलं नाई लहानपणी." अन् माह्याकडे पाहात. बरं!

पण मी एक पाहून राह्यली होती. ओट्यावरून उठताना ते ओठ चाचपून पाहात. बोटानं. जणू कोणाचे दुसऱ्याचे आहेत. एकदा मले पाह्यलेलं पाहून म्हणे, "चार महिने झाले." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत होईन सारं ठीक. त्यायनं ओठावरचं बोट काढलं नाई.

पोळा झाला अन् भाऊले ताप आला.

तपासणीत ते पॉझिटिव्ह, मी अन् बाई निगेटिव्ह. गाडी आली. पांढऱ्या किटातले दोघं उतरले. साऱ्या गल्लीच्या खिडक्या अर्ध्या उघडल्या. भाऊनं पिशवी घेतली, त्यात टॉवेल, लुंगी, चार्जर. शर्टाच्या खिशात एक बांबूची पत्ती ठेवली. बाई म्हणे, "हे कायले?" म्हणे, "राहू दे." गाडीत चढताना गुरुजीकडे पाह्यलं अन् हात जोडले. गुरुजी त्यायच्या दारात काठीसारखे उभे. माह्या मनात आलं, झालं आता ह्यायचं समाधान. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाले दुधाची पिशवी लटकवलेली. रोज. चौदा दिवस आमच्या दाराले कागद चिकटवलेला होता अन् चौदा दिवस ती पिशवी होती.

सेंटर म्हंजे एका वसतिगृहाची इमारत. पहिले तीन दिवस भाऊचे फोन मस्त. "माह्या खोलीत सहा खाटा. एक ट्रक ड्रायव्हर आहे, घुग्घुसचा, कोळशाच्या गाड्या चालवते. तो धैवत. घोरते पण धैवतात." ताप उतरला होता. ऑक्सिजन बरोबर होता. चौथ्या दिवशी फोन छोटा झाला. पाचव्या दिवशी मीच स्पीकरवर केला तं "हौ, हौ, ठीक" एवढंच. बाई भांडी घासत होती. फोन ठेवल्यावर म्हणे, "का झालं त्यायले?"

"ठीक आहे म्हणतात."

"ठीक नाई. आज त्यायनं कोणाले सूर नाई म्हटलं."

सहाव्या दिवशी भाऊनं मले वेगळं बोलावलं. म्हंजे म्हणे, "फोन घेऊन आंगणात जा. बाईजवळ बोलू नका."

मी गेली.

"माही क्लॅरिनेट आहे न, तिच्या जोडावर बूच आहे, तिथं खोबरेल लावा. चाव्या पुसा. अन् मंडळाले फोन करून सांगा, घेऊन जाय म्हणा. कोणी शिकणारा असन तं त्याले द्या म्हणा."

"भाऊ! काऊन?"

थोडा वेळ नुसता खोकला. मंग म्हणे, "इथं एक यंत्र देल्लं साऱ्यायले. छातीचा व्यायाम. तीन नळ्या, तीन गोळे, अन् एक पाइप. दहादा सकाळी, दहादा संध्याकाळी करा म्हणून सांगतलं अन् गेली ती नर्सबाई, तिच्यामागं पन्नास लोक. तीन दिवस झाले. पह्यला गोळाही हालत नाई, पोरी. जागचा हालत नाई. तो ड्रायव्हर दोन गोळे उचलते. त्यानं जिंदगीत जत्रेतली पिपाणी नाई वाजवली, तो दोन उचलते. मी बेचाळीस मंडया वाजवल्या, अन् माह्याच्यानं एक प्लास्टिकचा गोळा..."

त्यायनं मले पहिल्यांदा तीव्र म नाई म्हटलं. पोरी म्हटलं. तिथंच माह्या डोळ्यात पाणी.

"माहा श्वास गेला," ते म्हणे. "ओठ तं गेलेच होते. बाईले सांगू नका."

माह्याच्यानं कोणतीच गोष्ट पोटात राह्यत नाई, पण ती राह्यली. एक रात्र राह्यली. क्लॅरिनेट काढली, खोबरेल लावलं, चाव्या पुसल्या. मंडळाले फोन मात्र केला नाई. बोट त्या नंबरावर जाये अन् वापस ये. बाई हे पाहून राह्यली होती.  सकाळी अकरा वाजता ती माह्यासमोर येऊन बसली अन् म्हणे, "त्यायले चेहऱ्याचा फोन लाव."

लावला. भाऊ खाटेवर, दाढी वाढलेली, केस उभे. बाईनं त्यायले वरून खालीपर्यंत पाह्यलं. मी म्हटलं, "भाऊ, ते यंत्र दाखवा न."

"कायले?"

"दाखवा न! मले पाहाचं आहे. नुसतं पाहाचं."

त्यायनं बाजूच्या ड्रायव्हरले फोन धराले देल्ला. यंत्र उचललं. पाइप तोंडाले लावला. अन् मी पाह्यलं, ओठ असे बसले पाइपवर, खालचा ओठ दातावर दुमडलेला, गाल ताठ, मान जराशी तिरपी. क्लॅरिनेटच! बरोब्बर क्लॅरिनेटवर बसतात तसे. त्यायनं डोळे मिटले अन् जीव लावून फुकलं. गळ्याच्या शिरा तट्ट. गोळे आपले खाली, आरामात बसलेले.

एक सेकंद मले काई समजलं नाई. रात्री मोबाइलवर त्या यंत्राचा व्हिडिओ पाह्यला होता, त्यात तं उलटं होतं. मंग मी ओरडली. खरंच ओरडली, कोकिळेसारखी फाटली.

"भाऊऽऽ! तुमी फुकून राह्यले!"

"मंग का करू? चाटू?"

"वढायचं असते ते! आत वढा! फुकायचं नाई, आत वढायचं!"

"आत?"

फोन हालाले लागला, काऊन का तो ड्रायव्हर हसून राह्यला होता. "चाचा, म्या तं समजलो तुमाले डॉक्टरनं वेगळं सांगतलं," तो म्हणे.

"पाइप आहे न," भाऊ म्हणे, "पाइप तोंडाले लावला की फुकतेच माणूस. वढते कोण?"

तेव्हा बाईनं माह्या हातातून फोन घेतला. सा हालला. इतक्या वर्षात मी बाईचा आवाज वर गेलेला ऐकला नव्हता.

"वढा म्हणते न ते पोरगी. चाळीस वर्षापासून पाहून राह्यली मी, सारा वेळ बाहेर, सारा वेळ बाहेर. घडीभर आत घ्या काई. वढा."

भाऊनं पाइप परत तोंडाले लावला. ओठ सैल सोडले. अन् वढलं.

टक.

टक.

टक.

तीन गोळे जाऊन नळ्यायच्या माथ्याले लागले. अन् तिथंच राह्यले! ड्रायव्हर म्हणे, "अरे बाप्पा!" भाऊ सोडेच ना. डोळे मोठे, गोळ्यांकडे पाहून राह्यले, अन् वढून राह्यले, वढून राह्यले, मी मोजलं नाई पण बाई म्हणाली, "बस झालं, आता सोडा, मराल." तेव्हा सोडलं. गोळे खाली पडले. भाऊ खोकले, हसले, परत खोकले. डोळे पुसले. 

मंग ते म्हणे, "तिसरा गोळा कोमल नि आहे."

बाईनं फोन माह्या हातात देल्ला अन् आत गेली. तिथं बराच वेळ नळ सुरू होता अन् भांडं एकही वाजत नव्हतं.

नंतर समजलं की त्या खोलीतले अजून दोघं जणं फुकतच होते अन् आपण आता वाचत नाई म्हणून घरी निरोप देऊन बसले होते. भाऊनं साऱ्यायले शिकवलं. सहा खाटा, सकाळी अकराले, एकसाथ वढायचं. ड्रायव्हर तिसऱ्या गोळ्यापर्यंत गेला.

घरी आले तेव्हा चार किलो कमी होते अन् चाल हळू. मले वाटलं, आता लगेच क्लॅरिनेट! नाई. अकरा वाजता खुर्चीवर बसत अन् नुसता श्वास आत घेत. चाव्याही नाई वाजवत. मी म्हटलं, हे का सुरू आहे आता? म्हणे, "जिंदगीभर मी सुराचा विचार केला. सुराच्या आधीचा कधी केलाच नाई. दोन ओळीच्या मधात जे वढतो न आपण, ते नुसतं उरकत होतो, चोरून, पुढच्या सुराच्या घाईत. कोणी पकडलं नाई म्हणून चाललं. त्या गोळ्यायनं पकडलं." मंग माह्याकडे पाहून, "तुमीबी पाहा. तुमी तं वाक्यातही घेत नाई."

मी तोंड बंद केलं. दोन मिनिटं.

त्या साली मंडई भरली नाई. भरणारच नव्हती, साऱ्यायले माहीत होतं. भाऊची बेचाळीस वर्षाची साखळी तुटली, अन् मले वाटे ते त्या दिवशी खाट सोडणार नाईत. पण गावच्या मंडईचा जो दिवस असता, त्या दिवशी सकाळी ते न्हाले, इस्तरीचा पांढरा सदरा घातला, अन् अकरा वाजता आंगणात खुर्ची ठेवली. क्लॅरिनेटचे तुकडे जोडले. पत्त्यांच्या डब्यात बोट फिरवलं अन् डबा बंद केला. सदऱ्याच्या खिशातून काढली ती पत्ती, सेंटरमधे नेलेली. तिले तोंडात धरून ओली केली, बसवली.

अन् थांबले. समोरच्या घराकडे पाह्यलं. बंदी अजून उठलेली नव्हती न. कोणी उठवलीच नव्हती.

गुरुजी दारात आले. तोंडाले मास्क. आत गेले. मले वाटलं आता खिडक्या लावतात. तं ते खुर्ची घेऊन बाहेर आले, आपल्या फाटकाजवळ, रस्त्याच्या काठावर ठेवली, अन् बसले. काठी दोन पायात.

"भाऊ," ते म्हणे, "भोंग्याचं तोंड इकडे करा."

भाऊनं खुर्ची फिरवली. क्लॅरिनेट ओठाले लावली. पहिला सूर निघाला तं तो कोंबडीचं पिल्लू पायाखाली यावं तसा. गुरुजी हालले नाईत. भाऊनं क्लॅरिनेट खाली केली, ओठावरून बोट फिरवलं, परत लावली. अन् ह्या वेळेस लगेच फुकलं नाई. श्वास घेतला. असा लांब, की मले रस्त्याच्या त्या पारच्या चिंचेचा पालाही हालल्यावानी वाटला, अन् मी, मले कधी जमत नाई ते, मीबी त्यायच्यासोबत आत घेतला अन् धरून ठेवला.

आतून, चुलीपाशून, बाई म्हणे, "हां. आता."